अवसेच्या दिवशी रानात

घर, यावलकडे
मंगळवार, २ एप्रिल १९५७

सुनंदा,

सगळ्यात आधी आला तो झुलाल. वांगी निखाऱ्यावर टाकून जरासा वेळ झाला असेल, साल अजून तडकलीही नव्हती, आणि हा आपला सालदार वहाणा हातात घेऊन डोहाकडे उतरताना दिसला. अवसेला औत नाही, मोट नाही, सालदाराने घरी पडून राहावं. शेजारी भागा बसली होती, तिला म्हटलं, घरी कोणीतरी आजारी पडलं. तो आला, पाणी प्याला, तोंड धुतलं, उपरण्याने पुसलं आणि मग म्हणाला, "अक्का, धुळाना पाव्हना येल शेतस. भागाअक्काना हिलाल शे, सून बी शे. ओटावर बठेल शेतस."

तो शिरपूरकडचा. इतकी वर्षं आपल्याकडे राहिला पण बोली काही बदलली नाही. म्हणजे धुळ्याहून भागाचा मुलगा आणि सून येऊन ओट्यावर बसले होते.

हे मी मधूनच सांगायला लागले. पहिल्यापासून सांगते. वहीची चार पानं फाडून घेतलीत, त्यात मावेल तेवढं.

हिलाल भागाला कायमची धुळ्याला नेणार आहे हे तुला ठाऊक आहेच. गेल्या पावसाळ्यात ती विहिरीच्या पायरीवर घसरली, तेव्हापासून त्याने धरून ठेवलं आहे की आईला एकटीला ठेवायचं नाही. त्यात सून सुमनबाई आता गरोदर, आषाढात दिवस भरतात. म्हणजे भागा गेली की गेलीच. आम्ही दोघी एकाच सालात या गावात सुना म्हणून आलो. भिंतीला भिंत. चाळीस वर्षं एका ओळीने कापूस वेचला, केळीच्या बागेत एका ओळीने गवत काढलं. पण कामाशिवाय दोघी कुठे बसलो असं काही मला आठवेना. संक्रांतीला तीळ निवडताना हे मी तिला बोलले. ती म्हणाली, मग बसू एक दिवस. मी म्हटलं, घरी बसलो तर कोणीतरी हाक मारणारच. तेव्हा ठरलं की फाल्गुनातल्या अवसेला डोंगराकडे जायचं, डोहापाशी. अवसेला बैल जुंपत नाहीत, बागेला पाणी नसतं, कोणाला आपली गरज पडत नाही.

तुझ्या आईने विचारलं, येताना काय आणणार, मोहाची फुलं की टेंभुर्णीची पानं की सरपण? मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

उजाडताच निघालो. दोन कोस चालायचं. भागाच्या गुडघ्यामुळे प्रत्येक आंब्याखाली थांबलो, आणि वाटेत आंबे बरेच आहेत. कळण्याच्या भाकरी घेतल्या होत्या, वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, तेलाची लहान बाटली. भरीत कुटायची लाकडी बडगी मात्र मी चुलीजवळच विसरले. भागा वाटभर तेवढंच बोलत राहिली, बडगीशिवाय भरीत कसं होईल. झालं. डोहाकाठच्या दगडावर दगडाने कुटलं. थोडी रेती लागली दाताला, पण वाईट नव्हतं.

डोंगराखाली पळस फुलून आता गळायला लागलाय. मोहाची फुलं तर जमिनीवर अशी पसरलेली की पाय कुठे ठेवावा. डोंगरातल्या पावरा बाया टोपल्या घेऊन वेचत होत्या. एक जण माझ्याएवढीच असेल. तिचं बोलणं मला निम्मं कळतं. तिने विचारलं, टोपली कुठे आहे तुमची, काय न्यायला आलात? भागा म्हणाली, "बसाले." तिने ते दुसऱ्या बायांना ओरडून सांगितलं आणि सगळ्या हसल्या. मग तिने आम्हाला एका मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. पहाटे तो येऊन त्याचा वाटा खाऊन जातो, मग आम्ही येतो, म्हणाली. सासुरवाडीचा पाहुणा असल्यासारखं सांगत होती.

भागा जांभळीखाली झोपली. तोंड उघडं टाकून. मी मुंग्या वारत बसले. चाळीस वर्षांत मी तिला झोपलेली पाहिली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. उठली, डोहात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "धुरपदा, हिलालच्या खोलीले मागचं दार नही म्हने. मंग मी सांजचं बसू कुठी?"

मी वांगी निखाऱ्यावर टाकली. आणि तेव्हाच झुलाल आला.

आता तो निरोप घेऊन आला होता, त्याने निरोप देऊन आम्हाला उठवायचं. पण वांगी भाजत आलेली, लसणाचा वास सुटलेला. भागा म्हणाली, पोटात घालून निघू. झुलालने आमच्याबरोबर खाल्लं, निम्मं भरीत त्यानेच खाल्लं, आणि वर घटकाभर आडवा झाला. गावात आलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि पाहुणे गेले होते. सोमवारी सकाळी हिलालला छापखान्यात हजर राहायचं होतं, पाडव्याचा कसला अंक निघणार म्हणून. तुझ्या आईने त्यांना दोनदा चहा केला, शिरा केला. हिलाल पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसून होता, चार तास, पाय हलवत. जाताना आईसाठी आणलेल्या नव्या वहाणा ठेवून गेला. प्रवासासाठी. भागाने त्या फडताळावर ठेवल्या.

आता आम्हाला काय ठाऊक की ते अवसेला येतील. अवसेला कोणी आईला घरातून नेतं का?

पाडव्याला गुढी उभारली. तुझ्या बापाने, निंबाने, वर्षभराचं कडुनिंब एकदाच खाल्ल्यासारखं तोंड केलं. तब्येत सांभाळ. नदीवर एकटी जाऊ नकोस.

तुझी आजी, धुरपदा


देवपूर, धुळे
रविवार, ७ एप्रिल १९५७

आजी,

पाया पडते. तुझी चार पानं मिळाली. आमच्या ट्रेनिंगच्या मुलींना मी अस्वलापर्यंत वाचून दाखवली. पुढचं दाखवलं नाही, कारण पुढचं मला आधीच ठाऊक होतं.

हिलालकाका गेल्या बुधवारी वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभे होते. रागावले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला एवढंच विचारलं की गावात कार्ड पोचायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, दोन, फार तर तीन. ते म्हणाले, मी अठरा मार्चला टाकलं होतं. रविवार, एकतीस मार्च, असं अक्षरी आणि आकड्यांत दोन्ही लिहिलं होतं. मला दिवसभर अक्षरंच जुळवावी लागतात सुनंदा, तारीख मी चुकत नाही.

आजी, भागाआजीला वाचता येत नाही. तिची सगळी पत्रं ती तुझ्याकडे आणते. हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मी पाटीवर तुला अक्षरं शिकवली तेव्हा पहिलं काय वाचलंस ते मला आठवतं, खताच्या पोत्यावरचं नाव. आता तू पूर्ण कार्ड वाचतेस. मग हे कार्ड कुठे गेलं?

मी त्यांच्या खोलीवर जाऊन आले. पांझरा नदीपासून जवळच आहे. भागाआजीने ऐकलं ते खरं आहे, मागचं दार नाही. पुढे दार, गल्लीकडे एक खिडकी, तिच्याखाली आईसाठी नवी लोखंडी खाट मांडून ठेवली आहे, गादीसकट. त्या खाटेमुळे घरात चालायला जागा उरलेली नाही. सुमनकाकू खाटेला वळसा घालून चुलीकडे जातात, आणि त्यांचं पोट आता दिसायला लागलंय, म्हणजे वळसा मोठा घालावा लागतो. त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. चहा दिला आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

काका म्हणाले, आता कार्ड टाकणार नाही. एखाद्या रविवारी येईन, आणि त्या दिवशी आईला घेऊनच परत येईन. शेळी कोणाला तरी देऊन टाकू, घराला कुलूप लावू.

ते वाईट नाहीत. विहिरीच्या पायरीचं सांगताना त्यांचा आवाज बदलला. त्यांना आईची भीती वाटते, म्हणजे आईसाठी. तू मला खरं लिही. त्यांना सांगायचं की नाही ते मी नंतर ठरवीन.

परीक्षा उन्हाळ्यानंतर. मी बरी आहे.

तुझी सुनंदा


घर
शनिवार, १३ एप्रिल १९५७

सुनंदा,

इकडे ऊन फार झालंय. केळीची पानं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पाणी दिलं की पुन्हा उभी राहतात. तोतारामच्या बागेत चार घड कोणीतरी कापून नेले. तोताराम म्हणतो माणूस, त्याची बायको म्हणते माकडं. माकडं घडाचा दांडा कोयत्याने कापतात का, असं तोतारामने विचारल्यावर ती म्हणाली, तुमच्या बागेतली कापत असतील. तुझ्या आईने पापड घातले. मी वाळवणावर बसते, कावळे हाकते.

तू विचारलंस म्हणून सांगते. कार्ड आलं होतं. मीच वाचलं.

भागा घेऊन आली, चुलीसमोर बसली, मी दाराच्या उजेडात जाऊन वाचायला लागले. आईस नमस्कार, इकडे सर्व ठीक, हे सगळं मी जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. मग आलं की आम्ही रविवार दिनांक एकतीस मार्च रोजी येत आहोत, तू तयारी करून ठेव. मी पंचांगात आधीच पाहिलं होतं, तो दिवस अवसेचा. आणि मी वाचलं की आम्ही पाडव्यानंतरच्या रविवारी येत आहोत.

आधी मी स्वतःला सांगितलं की हिलाल चुकला. शहरात राहून त्याला रविवार तेवढा कळतो, तिथी कळत नाही. शहाणा माणूस अवसेला आईचं बिऱ्हाड हलवणार नाही, तेव्हा त्याला पुढचाच रविवार म्हणायचं असेल आणि मी फक्त ते नीट करून वाचलं. इथे सगळे असंच करतात. बन्सीलाल पोस्टमन वाचायचा तेव्हा तोही करायचा, कोणाचं माणूस गेल्याचं असलं तर आधी आजारी आहे म्हणून वाचायचा.

पण हे तितकंसं खरं नाही. मला तो दिवस हवा होता. ती एकतीस तारखेला गेली असती तर आमचा दिवस राहिला असता, आणि पुढच्या अवसेला ती इथे नसती. मी वाचता वाचता थांबलेही नाही. इतकं सरळ गेलं तोंडातून की मलाच नवल वाटलं. अक्षर शिकल्याचा हाही एक उपयोग.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी भागाकडे गेले. ती मागच्या दारात तुरी पाखडत होती. मी सांगितलं की कार्डात एकतीसच तारीख होती. ती पाखडत राहिली. सूप खाली ठेवलं, दाण्यातले दोन खडे काढले आणि म्हणाली, "मले ठाऊक व्हतं. बन्सीलालनं वाटेतच वाचून दाखोलं व्हतं."

मी विचारलं, मग माझ्याकडे कशाला आणलंस? ती म्हणाली, "तुले वाचायची हौस." आणि सूप उचलत म्हणाली, "आन् मले पाहायचं व्हतं, तू काय वाचशी."

म्हणजे तिने सगळं ठाऊक असून माझ्याबरोबर दोन कोस चालून भरीत खाल्लं, झोप काढली, आणि पोटचा मुलगा ओट्यावर बसला आहे हे झुलालने सांगितल्यावर खाऊन निघू म्हणाली. मी चाळीस वर्षं तिला ओळखते असं मला वाटत होतं.

मी तिला विचारलं, तुला जायचंच नाही का? तर तसं नाही म्हणाली. हिलालने तिला कधी विचारलंच नाही. तयारी करून ठेव, एवढंच लिहिलं. तिला एक दिवस बसून विचार करायचा होता, आणि घरी विचार होत नाही, शेळी ओरडते. डोहावर केला विचार. तो असा की सुनेच्या बाळंतपणाला जायचं, सव्वा महिना राहायचं, आणि कपाशी फुटायच्या आत परत. खोलीला मागचं दार नाही तेवढे दिवस चालवून घेऊ. कायमचं नाही.

मग तिने मला हिलालला कार्ड लिहायला सांगितलं. ती बोलली तसं लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी तिने माझं काय घालायचं ते मला विचारलं, म्हणजे त्या रविवारचं. मी लिहिलं की तुझं कार्ड धुरपदाअक्काने चुकीचं वाचलं, तिच्या मनाने. असं स्वतःच्या हाताने लिहिणं सोपं नाही. जोडाक्षरं तीनच होती त्यात, तरी वेळ लागला.

ते कार्ड पेटीत टाकण्याआधी भागाने बन्सीलालकडून वाचून घेतलं. माझ्यासमोर. तो एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा कार्डाकडे. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

आता तो काय म्हणतो ते पाहायचं. येऊन कुलूप लावायचं म्हणाला तर त्याला कोण अडवणार? आई त्याची आहे. मी भिंतीपलीकडची.

धुरपदा


देवपूर
गुरुवार, १८ एप्रिल १९५७

आजी,

तू खरं लिहिलंस. मी ते पुन्हा वाचलं आणि कोणाला दाखवलं नाही.

तुमचं कार्ड काल दुपारी पोचलं. काकांनी मला बोलावून घेतलं, कारण तुझं अक्षर त्यांना लागत नव्हतं. कंपोझिटरला अक्षर लागू नये, यावर ते जरा हसले, मग मी वाचत गेले तसं त्यांचं हसणं गेलं. धुरपदाअक्काने मनाने वाचलं, इथे आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं की अक्का माझ्या लहानपणी माझ्यासाठीही असंच करायची, आईला सांगायची की तो खेळायला नव्हता गेला, माझ्याकडे होता. पण कायमचं नाही, या ओळीशी ते अडले. म्हणाले, सव्वा महिन्याने ती पुन्हा विहिरीवर जाणार, पुन्हा ती पायरी. माझं रोज कामावर मन लागत नाही. तिने यायचं म्हणजे यायचंच. मी येत्या रविवारी निघतो.

यावर सुमनकाकू बोलल्या. मी त्यांचा आवाज काल पहिल्यांदा नीट ऐकला. त्यांनी आधी मला विचारलं की सासूबाईंच्या घराच्या मागे तो कडुनिंब आहे ना, तो दुपारभर सावली देतो का? मी म्हटलं, देतो. मग त्यांनी सांगितलं.

अवसेच्या दिवशी काका गावात पुढे ओट्यावर बसले होते तेव्हा या उठून घराच्या मागे गेल्या, मागच्या पायरीवर बसल्या आणि झोपल्या. बसल्या बसल्याच. माझ्या आईने चहाला हाक मारली तेव्हा जाग आली. त्या म्हणाल्या, दोन महिन्यांत मला इतकी झोप लागली नव्हती. मी मनात म्हणत होते की या आजीबाई रानातून आणखी तासभर येऊ नयेत.

त्या जामनेरच्या. आई लहानपणीच गेली, मामीकडे वाढल्या, मामीही गेल्या साली गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. गल्लीतल्या बाया रोज विचारतात, कधी जाणार, कोण न्यायला येणार? आखाजीचा सण जवळ आला, सगळ्या लेकी माहेरी निघाल्या, तशी तेही विचारतात, माहेरी कधी? त्या सगळ्यांना सांगतात, बघू. म्हणजे काहीच सांगत नाहीत.

मग त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "त्यांना इकडं आणण्यापेक्षा मलाच तिकडं जाऊ द्या. लेकीसारखं. आखाजीला जाईन, बाळंतपण तिथंच, मग पुढचं पुढं पाहू. पायरीवरून पाणी मी आणू देणार नाही त्यांना."

काका म्हणाले, पहिलं बाळंतपण सासरी, लोक काय म्हणतील? सुमनकाकू म्हणाल्या, ज्यांना माहेर आहे त्यांना म्हणू द्या. काका मग त्या लोखंडी खाटेवर बसले. त्यांची अडचण मला कळली. त्यांना आई एकटी नको होती, आणि सुमनकाकू तिथे असल्या तर ती एकटी नाही. हे त्यांच्याच बाजूचं होतं, पण त्यांनी मांडलेलं नव्हतं. शेवटी म्हणाले, आईने न्यायला माणूस पाठवला तर जाऊ दे. आपणहून जायचं नाही. लेकीला जसं माहेराहून न्यायला येतात तसं कोणी आलं पाहिजे.

तेव्हा येत्या रविवारी ते येत नाहीत. वाट पाहणार. सगळं आता भागाआजीवर आहे. सुनेला लेकीसारखी घरी आणायची, दोन-तीन महिने सांभाळायची, तिचं पहिलं बाळंतपण आपल्या घरात करायचं. तिला हे जड वाटलं तर तसं लिही. सुमनकाकूंना नाही हा शब्द ऐकायची सवय आहे असं मला वाटलं.

आणि आजी, हे पत्र भागाआजीला वाचून दाखवताना जसं आहे तसं वाच.

सुनंदा


घर
गुरुवार, २५ एप्रिल १९५७

सुनंदा,

जसं होतं तसं वाचलं. शेवटची ओळसुद्धा वाचली. भागा हसली आणि तोतारामची बायको, जी अगदी योगायोगाने आली होती, तीही हसली.

ऐकून झाल्यावर भागा उठली, शेळीला पाणी दाखवलं, परत आली. मी म्हटलं, जड वाटत असेल तर सांग, मी तसं लिहिते. मग म्हणाली, "माह्या घरी लेक कधी आलीच नही. दरसाल आखाजीले बठ्ठ्याईच्या पोरी येता, मी झोके मोजत बसतो."

हिलालच्या पाठीवर तिला दोन मुली झाल्या होत्या, दोन्ही गेल्या. तू तेव्हा नव्हतीस. गावात आता कोणी त्यांचं नाव काढत नाही, तीही काढत नाही. त्या दिवशीही काढलं नाही. झोके मोजते एवढंच म्हणाली.

मग कामाला लागली. आधी मला कार्ड लिहायला बसवलं, बन्सीलाल आला नाही तोवर सोडलं नाही. कार्डात लिहिलं की मुऱ्हाळी पाठवते. मुऱ्हाळी म्हणजे न्यायला जाणारा भाऊ, आणि सुमनबाईला भाऊ नाही, तेव्हा प्रश्न आला की जाणार कोण? झुलाल म्हणाला मी जातो. त्याला धुळ्याला जायला कारण हवंच असतं, त्याची सासुरवाडी वाटेवर आहे. पण मग तो धुळ्याला कधी पोचेल ते सांगता येत नाही. शेवटी तुझ्या बापाने नवा सदरा काढला आणि कार्डात त्याचं नाव घातलं. निंबा म्हणाला, हिलाल माझा भाऊ तर त्याची बायको माझी बहीण कशी? भागा म्हणाली, आखाजीपुरती बहीण. त्याला हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण तो सदऱ्याला बटणं लावून घेतोय.

तुझ्या आईने वेगळं पाणी भरायचं कबूल केलंय, म्हणजे विहिरीची पायरी कोणालाच नको. तोतारामच्या बायकोने सुईण सांगून ठेवली, न विचारता. ती म्हणते आषाढात सुईणी मिळत नाहीत. मिळतात, पण तिला असं काहीतरी करायला आवडतं.

भागाने घर सारवलं. भिंतीला चुना लावला, माझ्या बाजूच्या भिंतीलाही लावला, म्हणजे आता माझ्या उरलेल्या तीन बाजू मळकट दिसतात. काल तिने निंबाला झोका बांधायला लावला, मागच्या दाराशी. सहा-सात महिन्यांची गरोदर पोर झोक्यावर बसणार नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, बसेल, नुसती. दोर इतका आखूड घेतलाय की बसणारीचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. निंबाने स्वतः बसून पाहिलं, भागानेही पाहिलं. मग मी पाहिलं. बरा आहे.

आज दुपारी हिलालचं कार्ड आलं. आधी बन्सीलालने वाचलं, मग मी, दोघांचं जुळलं. निंबाभाऊंना शनिवारी संध्याकाळपर्यंत धुळ्याला येऊ द्या, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याबरोबर निघतो, मी एक रात्र राहून परत फिरेन, सुमन राहील. रविवार, अठ्ठावीस एप्रिल, दुपारी बाराच्या मोटारीने यावल.

धुरपदा